चित्रांचे पाठभेद

(नांदेड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



नांदेडला महाकाव्याचा विषय काढायचा म्हणजे जपून बोलावं लागतं. नरहर कुरुंदकर गुरुजींनी याच शहरात बसून महाभारताची चिकित्सा केली, भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिलं, ‘रूपवेध’मध्ये सौंदर्यशास्त्राचे प्रश्न मांडले. ‘मला असं वाटतं’ एवढ्यावर वक्त्याला सोडून द्यायची सवय त्यांनी या गावाला लावलेली नाही. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते शेवटपर्यंत तपासत बसता येईल.

महाकाव्यांतल्या प्रसंगांवर एकोणिसाव्या शतकात जी रोमँटिक वळणाची चित्रं निघाली, त्यांच्या हातानं रंगवलेल्या प्रती आपल्याकडे घरांत, देवळांच्या सभामंडपांत, शाळांच्या भिंतींवर दिसतात. राजा रविवर्म्याची दमयंती, त्याचा जटायू, त्याची शकुंतला. कुणा पेंटरनं, कुणा ड्रॉइंगच्या मास्तरांनी काढलेल्या. आपण ‘कॉपी आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं असं की या प्रती म्हणजे त्या चित्रांचे पाठभेद आहेत, आणि पोथीचा पाठभेद ज्या गंभीरपणे वाचतात त्याच गंभीरपणे त्या वाचायला हव्यात.

पाठभेद म्हणजे काय, हे मराठवाड्याला बाहेरून शिकावं लागत नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर जवळजवळ तीनशे वर्षं ती ओवी हातानं उतरवली जात होती. कुणी शब्द बदलला, कुणी सोपा केला, कुणी आपली भर घातली. नाथांनी उपलब्ध पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ निश्चित केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. त्याच नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर. त्यानं महाभारताची पर्वं मराठीत आणताना मूळ कथेला हवी तिथं मुरड घातली, वर्णनं फुलवली, माणसं आपल्या काळातली केली. आजोबा एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाहीत आणि नातू व्यासांनाही आपल्या अंगणात आणून बसवतो. एकाच घरातल्या या दोन वृत्ती आहेत आणि प्रत काढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात या दोन्ही असतात.

विसाव्या शतकात हेच काम पुण्यात मोठ्या प्रमाणावर झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला, 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिला शिस्त लावली आणि 1966 मध्ये ती पुरी झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखितं त्यासाठी विचारात घेतली गेली. या आवृत्तीचं कोणतंही पान उघडा. वर निश्चित केलेला पाठ आणि खाली बारीक टायपात पाठभेद. काश्मीरची पोथी काय म्हणते, बंगालची काय म्हणते, मल्याळम लिपीतली काय म्हणते. जो पाठ मूळ नाही असं ठरलं, तोही फेकून दिलेला नाही. खाली नोंदवून ठेवला आहे. कारण एखाद्या मुलखानं महाभारत कसं ऐकलं, याचा तो पुरावा आहे.

आता गंमत बघा. या आवृत्तीला सुरुवातीलाच एक लाख रुपये देऊ करणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणाची चित्रमाला रंगवली, महाभारताच्या या आवृत्तीसाठी चित्रं काढली. औंधला 1938 मध्ये त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, आणि युरोपातल्या नामवंत चित्रांच्या हातानं काढलेल्या प्रतीही आहेत. ज्या मुलांना पॅरिसला किंवा रोमला जाणं या जन्मी शक्य नाही, त्यांनी निदान प्रत तरी पाहावी, हा त्यामागचा सरळ हिशेब. पोथ्यांच्या प्रती आणि चित्रांच्या प्रती या दोन्हींसाठी एकाच माणसानं खिसा मोकळा केला. त्यामुळे मी दोन लांबच्या गोष्टींची ओढून ताणून गाठ मारतोय असं कुणी समजू नये.

रविवर्म्याकडे येतो. 1848 साली केरळात किळिमानूरला जन्म, 1906 मध्ये मृत्यू. तैलरंगाचं तंत्र युरोपीय अकादमीचं. मनोवृत्ती मात्र रोमँटिक: वाट पाहणारी एकटी स्त्री, चांदणं, तळं, अरण्य, विरह. त्याचे विषय पाहा. युद्धाच्या अठरा दिवसांत तो फारसा रमत नाही. त्याला दमयंती हंसाचं बोलणं ऐकते तो क्षण हवा असतो. शंतनू मत्स्यगंधेसमोर उभा राहतो तो क्षण. सीता धरणीच्या कुशीत जाते तो क्षण. काहीतरी घडून गेलंय किंवा घडायचंय, आणि माणूस मधल्या जागी थांबलाय. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. ती काढण्याआधी रविवर्मा आणि त्याचा भाऊ राजराजवर्मा उत्तर हिंदुस्थानात हिंडले. हेतू असा की पुराणातल्या माणसांना पेहराव कोणता द्यावा हे ठरावं. बऱ्याच चित्रांत शेवटी जिंकली ती आपली नऊवारी. विदर्भाची राजकन्या दमयंती केरळच्या माणसानं रंगवली आणि ती मराठी बायकांना आपल्यातली वाटली, याचं निम्मं कारण त्या लुगड्यात आहे.

ही चित्रं राजवाड्यात राहिली असती तर नांदेड-लातूरचा त्यांच्याशी संबंधच आला नसता. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. चित्रांना इतकी मागणी आहे तर ती छापून घ्यावीत, असं त्यांनीच रविवर्म्याला सुचवलं. 1894 मध्ये मुंबईला गिरगावात छापखाना निघाला. यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती पोचला. पहिलं मोठं चित्र निघालं ते शकुंतलाजन्माचं. छपाई दगडावरची, एकेका रंगाला वेगळा दगड. चित्राचे असे रंगागणिक तुकडे पाडायचे आणि कागदावर एकावर एक चढवायचे. वरून वॉर्निश. चौदा इंच बाय वीस इंचाचा तो चकचकीत कागद काचेत बसवला की घरात ‘फोटो’ लागला.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. पण मुंबईचा माल यायला सरहद्द आड येत नव्हती. मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादला जाणारी रेल्वे 1900 च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली. बार्शी लाइटची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. लातूरहून डाळ आणि तेलबिया बाहेर जायच्या, बाहेरून कापड, रॉकेल, कंदील यायचे. तसबिरी आल्या त्या याच वाटांनी, असं मानायला हरकत नाही. अस्सल तैलचित्र पाहिलेला माणूस इथं क्वचितच. इथल्या लोकांनी रविवर्मा पाहिला तो छापील कागदावर, नंतर कॅलेंडरवर. आणि ज्याला मोठं चित्र हवं होतं, देवळासाठी, दिवाणखान्यासाठी किंवा नाटकाच्या पडद्यासाठी, तो पेंटरकडे गेला.

आता पेंटरच्या हाताकडे जरा जवळून पाहू.

समोर चौदा बाय वीसचा कागद आहे, चित्र काढायचंय तीन फूट बाय साडेचार. आधी मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणायचा. खळ किंवा सरस, वर खडू नाहीतर सफेद्याचं अस्तर, घासून गुळगुळीत. मग कागदावर पेन्सिलीनं चौकटी पाडायच्या, तितक्याच चौकटी कापडावर मोठ्या करून पाडायच्या आणि एकेका घरातली रेघ उचलून इकडे ठेवायची. इथवर कारकुनी काम आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. छापील कागदावरचा दमयंतीचा गाल भिंगातून पाहिला तर गाल दिसत नाही, ठिपके दिसतात. गुलाबी, पिवळे, तपकिरी. मूळ चित्रात तिथं रविवर्म्यानं ओल्या रंगात ओला रंग मिसळून वळण दिलं होतं. छापखान्यानं त्याचे ठिपके केले. पेंटरला आता त्या ठिपक्यांचा पुन्हा गाल करायचाय. सावली कुठं संपते आणि उजेड कुठं सुरू होतो, हे कागद त्याला सांगत नाही. ते त्याला स्वतः ठरवावं लागतं. ठरवताना तो कोणता चेहरा आठवतो? ज्या बायका त्यानं रोज पाहिल्या, त्यांचा. म्हणून आपल्याकडच्या दमयंतीचा रंग बहुधा एक छटा गडद असतो आणि गालाचं हाड जरा वर.

पदराचंही तसंच. लाल लुगड्याचे जरीकाठ कागदावर अस्पष्ट, डाग पडल्यासारखे. काठ रंगवायचा तर त्यात काहीतरी नक्षी हवी. लातूरला एका जुन्या घरात मी पाहिलेल्या प्रतीत दमयंतीच्या लुगड्याला सरळ नारायणपेठी काठ आहे. नारायणपेठ हैदराबादेकडचं, त्या काठाची लुगडी आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या विकली गेलेली. रंगवणाऱ्यानं विदर्भाच्या राजकन्येला आपल्या पेठेतून लुगडं घेऊन दिलं. मुक्तेश्वरानं महाभारताला जे केलं, ते यानं काठाच्या दोन बोटं रुंदीत केलं. आणि हंस? हंसाची मान मूळ चित्रातल्यापेक्षा आखूड आहे, चोच रुंद आहे. राजहंस पाहायला मिळाला नाही, बदक मिळालं. ही चूक आहे. पण अशी चूक पोथीतही सापडते, आणि अभ्यासक तिच्यावरून लिहिणाऱ्याचा मुलूख ओळखतात.

रंगाच्या तेलातही मुलूख उतरतो. तैलरंग कालवतात जवसाच्या तेलात. ते नुसतं वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि वर्षांमागून पिवळं पडत जातं. करडईचं तेलही वाळणारं आहे. ते सावकाश वाळतं, पण कमी पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या आणि निळ्या रंगाला चालतं. जवस आणि करडई, दोन्ही आपल्या शिवारातली पिकं. बाटलीबंद महागडं तेल परवडलं नाही तेव्हा कुणी घाण्याचं जवस गाळून वापरलं असेल तर नवल नाही. अशुद्ध तेल लवकर काळवंडतं. म्हणून जुन्या प्रतीतलं चांदणं पिवळट दिसलं तर लगेच पेंटरच्या नजरेला दोष देऊ नये. आधी तेल पाहावं, मग ज्या कॅलेंडरवरून काढलं ते किती उन्हात टांगलेलं होतं ते विचारावं.

कुणी म्हणेल, हे सगळं साधनं नसलेल्यांचं कौतुक झालं. खरी कला मूळ चित्रात. मग आपण जिथं मूळ चित्रं होती तिथं जाऊ. 1822 मध्ये फ्रान्सच्या देलाक्र्वानं दान्तेच्या महाकाव्यावरून एक चित्र प्रदर्शनात मांडलं. दान्ते आणि व्हर्जिल नावेतून नरकातली नदी ओलांडताहेत आणि पाण्यातले शापित जीव नावेला लोंबकळताहेत. फ्रेंच रोमँटिक चित्रकलेच्या सुरुवातीच्या मोठ्या चित्रांपैकी हे एक. त्या शापित देहांवरचे पाण्याचे थेंब पाहण्यासारखे आहेत: एकेक थेंब लाल, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांच्या वेगवेगळ्या फटकाऱ्यांनी केलेला. ही युक्ती देलाक्र्वानं रुबेन्सच्या चित्रांवरून शिकून घेतली होती. पुढे 1850 च्या दशकात एदुआर माने या तरुणानं संग्रहालयात उभं राहून देलाक्र्वाच्या चित्राच्या दोन प्रती केल्या. एक बरीचशी मुळाबरहुकूम. ती आज ल्यों शहरात आहे. दुसरी मोकळ्या हाताची, तुटक फटकाऱ्यांची. ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. दोन्ही प्रतीच, आणि दोन्ही जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी जपलेल्या. त्या दोन्हींत मिळून मानेच्या पुढच्या चित्रकलेची वाट दिसते. मुळाला धरून चालणारा आणि मुळापासून सुटणारा, दोन्ही हात एकाच माणसाचे. पैठणच्या आजोबा-नातवांची जोडी इथं एका तरुणात भेटते.

मानेची प्रत संग्रहालयात आणि आमच्या पेंटरची माळ्यावर, हा फरक केवळ गुणवत्तेचा नाही. मानेनं काय बदललं हे कुणीतरी बसून पाहिलं, लिहून ठेवलं. आमच्याकडे ते कुणी केलेलं नाही.

प्रतीची किंमत कळायला मराठवाड्याबाहेर जायचीही गरज नाही. अजिंठा पाहा. 1844 पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं अनेक वर्षं तिथं मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या प्रती काढल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 मध्ये लागलेल्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन दरवर्षी तिकडे जाऊ लागले. पेस्तनजी बमनजींसारखे तरुण त्यात होते. तेरा वर्षांचं ते काम. त्यातल्याही पुष्कळ प्रती लंडनला 1885 च्या आगीत गेल्या. 1909 ते 1911 दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद होते. आज लेण्यांतला काही भाग पूर्वी होता तितका उरलेला नाही. तिथं काय होतं हे कळायला या हातांच्या प्रतींखेरीज आधार नाही. आणि नंदलाल बोसांची पुढची चित्रकला अजिंठ्याच्या त्या दिवसांवाचून समजत नाही. म्हणजे प्रत दोन कामं करते: मूळ जपते आणि काढणाऱ्याला घडवते.

तिसरं एक काम आहे. त्याकडे आपलं लक्ष जात नाही. प्रत मुळाचा अर्थ पुढे ढकलते. रविवर्म्यानं 1890 च्या सुमारास विराटाच्या घरची सैरंध्री रंगवली: कीचकाकडे जायला निघालेली, भेदरलेली, नाइलाज झालेली द्रौपदी. हाच प्रसंग 1907 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवध’ नाटकात घेतला आणि प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला. 1910 मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी 1920 मध्ये पडद्यावर आणली ती ‘सैरंध्री’च, आणि तिलाही सेन्सॉरची कात्री लागली. दादासाहेब फाळके काही काळ रविवर्म्याच्या छापखान्यात काम करून आले होते, आणि त्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरुवातीची चौकट रविवर्म्याच्या चित्राची आठवण करून देते. तैलचित्र, छापील कागद, रंगवलेला पडदा, सिनेमा. दरवेळी कुणीतरी आधीच्याची प्रत काढत होता, आणि दरवेळी द्रौपदी थोडी बदलत होती. भेदरलेल्या बाईची संतापलेली बाई याच वाटेवर कुठंतरी झाली.

आता दुसरी बाजू. सगळ्या प्रती सारख्या नसतात. डोळे मिटून चौकटी भरणारा हात पुष्कळ असतो. त्यात जटायूचा पंख तुटतो, पण दुखत नाही. सीता डोळ्यांवर हात घेते, पण तो हात नुसता ठेवलेला असतो. अशा प्रतीला मी वाचन म्हणणार नाही. आणि त्याहून वाईट प्रकार म्हणजे प्रतीवर मूळ चित्रकाराची सही ठोकून ती अस्सल म्हणून विकणं. रविवर्म्याची चित्रं 1979 मध्ये राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर झाली, ती देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत, किमती कोटींत गेल्या आहेत. अशा वेळी खोटी सही ही फसवणूक आहे, कलेचा प्रश्न नाही. प्रामाणिक प्रतीची ओळख सोपी: खाली ‘रविवर्मा यांच्या चित्रावरून’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी रंगवणाऱ्याचं स्वतःचं नाव. आपल्याकडच्या जुन्या पेंटरांनी पुष्कळदा दोन्ही लिहिलं नाही. पहिलं न लिहिण्याचं कारण, चित्र कुणाचं हे पाहणाऱ्या सगळ्यांना ठाऊकच होतं. दुसरं न लिहिण्याचं कारण, आपलंही नाव लिहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

या प्रती नोंदवून ठेवायला वेळ थोडा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपानं दगडमातीची घरं बसली, हजारो माणसं गेली. त्या दुःखापुढे तसबिरींचा हिशेब कुणी मांडला नाही आणि मांडूही नये. पण गावं नव्यानं वसली, भिंती बदलल्या, हे खरं. नांदेडच्या, लातूरच्या जुन्या वस्त्यांतले वाडे आता बिल्डरकडे चाललेत. फ्लेक्स आल्यापासून ब्रशचं काम बसलंय. ज्यांनी पाटी रंगवली, पडदा रंगवला, जटायू रंगवला, ते पेंटर आता म्हातारे झाले आहेत. कोणत्या कागदावरून काढलं, काय बदललं, का बदललं, हे सांगणारी माणसं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत राहणार नाहीत.

म्हणून लातूर-नांदेडच्या कलाशिक्षकांना माझी विनंती आहे, आणि ती खर्चाची नाही. एक वही करा, तिला चार रकाने पाडा. प्रत कुठं आहे. कोणत्या छापील चित्रावरून काढली. मुळापासून काय काय निराळं आहे. काढणाऱ्याचं नाव काय. जोडीला फोनवर एक नीट फोटो, त्यात चित्राची मागची बाजूही घ्या. कापड, चौकट आणि तारीख मागेच सापडते. दहावीच्या मुलांना हे काम सुट्टीत देता येईल. मूळ चित्र आणि गावातली प्रत शेजारी ठेवून फरक शोधणं हा चित्र बघायला शिकवणारा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही. दोन जिल्ह्यांच्या वह्या एकत्र आल्या की त्यावर एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहिता येईल.

अस्सल काय हे ठरवायला भांडारकर मंदिराच्या संपादकांना बाराशे पोथ्या लागल्या, आणि ठरवून झाल्यावरही त्यांनी उरलेल्यांना पानाच्या तळाशी जागा दिली. रविवर्म्याचा निश्चित पाठ बडोद्याला, म्हैसूरला, तिरुवनंतपुरमला सुरक्षित आहे. पानाचा तळ मात्र आपल्याकडे कोराच पडलाय, आणि तो भरायचं काम बडोद्याचं नाही, आपलं आहे.